काचेवरचा टवका: कोणता भरायचा, कोणता सोडायचा आणि त्यावर धंदा कसा बसवायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत गाडीच्या पुढच्या काचेवरचा टवका रेझिनने कसा भरतात ते हाताने करून दाखवलं. तासाभराचं काम, थोडं सामान, दुकानाला मोठी जागा नको. त्यामुळे "सर, किट कुठून घ्यायचं?" हा पहिला प्रश्न येणार, हे मला माहीत आहे. पण किट शेवटी घ्यायचं असतं. आधी हे काम समजून घ्या, मग हिशेब मांडा, मग पैसे काढा. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या धंद्यात हात बसायला महिना-दोन महिने पुरतात. नाव टिकतं ते मात्र चुकीचं काम परत पाठवण्यावर. का, ते पुढे कळेल.

आपल्या भागात हे काम का निघतं

तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, लोहा करत नांदेड, अर्धापूर आणि पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 डोळ्यासमोर आणा. या रस्त्यावर खडीचे टिप्पर, मुरमाचे हायवा, गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर, आणि त्यांच्या मागे ऐंशी-नव्वदच्या वेगाने कार. आपली खडी म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट. कठीण दगड, त्यात क्रशरमधून निघालेली धारदार कड. टिप्परच्या चाकाने उडवलेला हरभऱ्याएवढा खडा समोरून येणाऱ्या काचेवर बसला की टवका उडालाच.

त्यात आपलं ऊन. मे महिन्यात नांदेडचा पारा 42-43 च्या वर जातो. गाडी दुपारभर उन्हात उभी, काच तापून हात लावू देत नाही. मालक येतो, एसी फुल्ल करतो आणि थंड हवा थेट काचेवर सोडतो. बाहेरून गरम, आतून थंड. काचेला हा ताण टवक्याच्या टोकाशी सगळ्यात जास्त बसतो आणि सकाळी मसुराएवढा असलेला टवका संध्याकाळी वीतभर तडा होतो. पुण्या-मुंबईत टवका बरेच दिवस तसाच राहू शकतो, आपल्याकडे उन्हाळ्यात तो थांबेलच याची खात्री नाही. म्हणून "लवकर करा" हे सांगणं आपल्याकडे विक्रीची युक्ती नाही, खरी गोष्ट आहे.

आधी काच ओळखा

गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिकट प्लास्टिकचा पापुद्रा. या पापुद्र्याला पीव्हीबी म्हणतात. कारमध्ये साधारण 2 मिलिमीटरच्या वरची एक काच, पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा आणि तेवढीच दुसरी काच, म्हणजे सगळं मिळून 5 मिलिमीटरच्या आसपास. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, तोंडावर येत नाहीत. फ्रान्सच्या एदुआर बेनेडिक्टस या रसायनशास्त्रज्ञाने 1909 साली अशा काचेचं पेटंट घेतलं.

बाजूच्या काचा वेगळ्या. त्या टफन्ड असतात, फुटल्या की साबुदाण्यासारखे दाणे होतात. त्या भरता येत नाहीत. गिऱ्हाईक दाराची काच घेऊन आला तर सरळ नवी काच सांगायची.

पुढच्या काचेच्या कोपऱ्यात बारीक छाप असते. तिथे आयएसआय खूण आणि आयएस 2553 हा भारतीय मानकाचा क्रमांक बघायची सवय लावा. काही जुन्या गाड्यांना पुढेही टफन्ड काच असू शकते. छाप वाचल्याशिवाय हत्यार लावू नका.

दगड लागतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच दुखावते. पापुद्रा आणि आतली काच शाबूत राहतात. आपलं सगळं काम त्या बाहेरच्या 2 मिलिमीटरमध्ये आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम समजलं.

टवक्यात नेमकं होतं काय

टवक्याच्या खाली बारीक चिरा असतात आणि त्यात हवा भरलेली असते. प्रकाश काचेतून हवेत जाताना वाकतो, म्हणून चीर चमकते. आपण ती हवा ओढून काढतो आणि तिच्या जागी रेझिन भरतो. हे रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं, म्हणून चीर दिसेनाशी होते. मग यूव्ही दिव्याखाली ते घट्ट होतं, चिरेच्या दोन्ही बाजू धरून ठेवतं आणि तडा पुढे पळत नाही. हे तंत्र अमेरिकेत मिनेसोटामध्ये 1972 साली नोव्हस कंपनीने धंदा म्हणून सुरू केलं. म्हणजे हे पन्नास वर्षांहून जुनं काम आहे, कुठलाही जुगाड नाही.

आकारावरून ओळख अशी:

- गोल टवका: खाली वाटीसारखी गोल चीर. भरायला सगळ्यात सोपा.
- अर्धचंद्र: गोलाचाच भाऊ, एका बाजूने उघडा.
- चांदणी: मध्ये खड्डा आणि चारी बाजूंनी पाय फुटलेले. पायांच्या टोकापर्यंत रेझिन पोचवणं हेच कसब.
- मिश्र: गोल आणि चांदणी एकत्र. वेळ जास्त लागतो.
- नुसता खळगा: वरचा कण निघालेला, खाली चीर नाही. दिसायला बरं व्हावं म्हणून भरतात, नाही भरला तरी चालतो. तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं.

भरायचा की सोडायचा: सहा प्रश्न

हा भाग पाठ करा. गाडी समोर आली की याच क्रमाने विचारायचं.

1. आतली काच शाबूत आहे का? गाडीत बसून टवक्याच्या मागच्या बाजूने नख फिरवा. नख अडकलं तर काम घ्यायचं नाही.

2. आकार किती? गोल टवक्याला खिशातलं दहाचं नाणं ठेवून बघा, ते 27 मिलिमीटर रुंद असतं. नाण्याखाली टवका झाकला जात नसेल तर नको म्हणा. चांदणीचे पाय नाण्याबाहेर गेले तरी अनुभवी माणूस ती भरतो. पण तुम्ही पहिले सहा महिने नाण्याच्या आतलंच काम घ्या.

3. चालकाच्या नजरेसमोर आहे का? ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत स्टीअरिंगच्या मध्यावर 290 मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा धरतात. वायपर फिरतो त्या भागात, या पट्ट्यात 10 मिलिमीटरपेक्षा मोठं नुकसान असेल तर गाडी नापास. बाकीच्या वायपर फिरणाऱ्या भागात हीच मर्यादा 40 मिलिमीटर आहे. आपण ही मोजणी वापरायला हरकत नाही. कारण भरल्यावरही थोडा डाग राहतो. रात्री समोरून हेडलाइट आला की तो डाग चमकतो. नजरेसमोर मोठा टवका भरून देणं म्हणजे माणसाच्या डोळ्यासमोर कायमचा ठिपका ठेवणं.

4. कडेपासून किती लांब? तडा काचेच्या कडेला टेकला असेल किंवा दोन इंचाच्या आत असेल तर सोडा. कडेवर ताण जास्त असतो, भरलेली चीर परत उघडू शकते.

5. किती जुना? आत माती, वॅक्स, शाम्पूचं पाणी गेलं असेल तर रेझिन धरत नाही. फेविक्विकसारखा गोंद भरून आणलेला टवका तर जवळपास गेलेलाच समजा.

6. कॅमेऱ्यासमोर आहे का? महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 सारख्या गाड्यांना आरशामागे काचेला लागून कॅमेरा असतो. गाडी त्यातून रस्ता बघते. त्या भागातला टवका भरू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. तिथे नवी काच बसल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो.

एवढी कडक शिस्त कशाला? कारण पुढची काच हा नुसता वारा अडवणारा पडदा नाही. बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवर टेकूनच माणसाकडे वळते. काच सुटली तर बॅगेला टेकाच राहत नाही. तुमच्या सातशे रुपयांसाठी कुणाच्या जिवाशी खेळ नको.

काम कसं करायचं, आपल्या उन्हात

यूट्यूबवरचे बाहेरच्या देशांतले व्हिडिओ थंड हवेतले असतात. आपल्याकडे तीन गोष्टी बदलतात.

पहिली, सावली. उन्हातही यूव्ही असतं. रेझिन चिरेत पोचायच्या आतच घट्ट होऊ लागलं तर काम तिथेच बिघडलं. पत्र्याचं शेड किंवा जाड हिरवी नेट हवीच.

दुसरी, काच थंड होऊ द्या. गाडी आली की अर्धा तास सावलीत उभी करा. काच हाताला कोमट लागली की सुरू करा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा तुमच्यासमोर पळेल. उन्हाळ्यात सकाळी 8 ते 11 हीच कामाची वेळ ठेवा आणि फोनवर तशीच वेळ द्या.

तिसरी, पावसाळ्यात ओल. चिरेत पाणी असेल तर रेझिन आत शिरत नाही. गाडी आत घ्या, टवका सुकू द्या, लागलं तर आतल्या बाजूने हलकी गरम हवा द्या. घाई नको.

आता क्रम. सुईने सुटे कण काढा. ब्रिज काचेवर सक्शनने बसवा, इंजेक्टर बरोबर टवक्याच्या तोंडावर आणा. आधी हवा ओढा, मग दाबाने रेझिन सोडा, परत ओढा, परत दाबा. काळी किंवा चमकती रेघ दिसत असेल तोवर हे चालू ठेवा. कुठे तोंड बंद असेल तर बारीक ड्रिल लागतं, पण ड्रिल फक्त बाहेरच्या काचेत. पापुद्र्याला टोक लागलं तर तो पांढरा डाग कायमचा. भरून झालं की वर घट्ट रेझिनचा थेंब, त्यावर पातळ फिल्म, मग यूव्ही दिवा. शेवटी ब्लेड सरळ उभं धरून जादाचं रेझिन खरवडा आणि पॉलिश करा. हातमोजे आणि यूव्हीचा चष्मा ही चैन नाही, रोजची सवय ठेवा.

गिऱ्हाइकाशी बोलणं

गिऱ्हाईक म्हणेल, "दादा, एवढासा तर टवका आहे, बघू पुढच्या महिन्यात."

तुम्ही म्हणा, "काका, तुमची मर्जी. पण तोवर त्यावर पारदर्शक टेप लावून देतो, माती जाणार नाही. एसीची हवा काचेवर सोडू नका, गाडी सावलीत लावा, दार जोरात आपटू नका. वॉशिंगला नेऊ नका." टेपचे पैसे घेऊ नका. असा माणूस परत येतो आणि शेजाऱ्यालाही आणतो.

काम घेताना मात्र तीन वाक्यं बोलायची आणि पावतीवर लिहून सही घ्यायची: डाग पूर्ण जाणार नाही, हलका दिसेल. भरताना क्वचित तडा पळू शकतो. तसं झालं तर आम्ही पैसे घेणार नाही, पण नवी काच तुमच्या खर्चाने. ही तीन वाक्यं आधी बोललात तर ती माहिती असते. काम बिघडल्यावर बोललात तर ती सबब वाटते आणि भांडण होतं.

विम्याचा हिशेब गिऱ्हाइकाला समजावून सांगा

बरेच जण म्हणतात, "मोठी होऊ दे, विम्यातून नवी काच टाकू." खरं आहे, काचेच्या भागांवर विमा कंपनी घसारा कापत नाही. पण 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 रुपये आणि त्यावरच्या कारला 2,000 रुपये मालकाने भरायचे असतात. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस क्लेमशिवाय गेलेल्या वर्षांप्रमाणे 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढतो आणि फक्त ओन डॅमेज प्रीमियमवर मिळतो.

समजा, बोनस धरण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम 10,000 आहे आणि सध्या बोनस 35 टक्के. छोटी कार, नवी काच मजुरीसकट 7,000. क्लेम केला तर 1,000 स्वतःचे, 6,000 कंपनीचे. पुढच्या वर्षी 45 टक्के मिळणार होते, ते गेले: 4,500 रुपये. त्याच्या पुढच्या वर्षी 50 मिळाले असते, आता 20 मिळतील: आणखी 3,000. म्हणजे 6,000 मिळवायला दोन वर्षांत 7,500 घालवले. ज्यांच्या पॉलिसीत बोनस वाचवणारं ॲड-ऑन आहे त्यांचा हिशेब वेगळा, म्हणून "एकदा पॉलिसी बघा" एवढं नक्की सांगा. हे गणित कागदावर मांडून दाखवा. टवका वेळेवर भरण्याचं यापेक्षा चांगलं कारण तुम्हाला सापडणार नाही.

आता आपला हिशेब

खालचे आकडे नमुना म्हणून धरलेत. तुमच्या गावचे भाव टाकून परत मांडा.

दर कामाला घेतले 700. रेझिन, फिल्म, ब्लेड, पॉलिश मिळून खर्च 100. हातात राहिले 600. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे जागेचा वाटा, पेट्रोल, फोन, किटचा हप्ता, धरा 12,000. म्हणजे 20 कामं झाली की खर्च निघाला. पण तुमचा पगार? तो 15,000 धरला तर गरज 27,000 ची, म्हणजे 45 कामं. त्यात महिन्यात 3 कामं फसली आणि पैसे घेतले नाहीत तर एकूण 49 गाड्या हाताखालून जायला पाहिजेत. 25 दिवसांत 49, म्हणजे रोज दोन.

आता स्वतःला विचारा: तुमच्या गावात नुसता बोर्ड लावून रोज दोन टवके चालत येतील का? सुरुवातीला नाही येणार. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. फक्त टवक्यांचं दुकान टाकू नका. वॉशिंग सेंटर, सीट कव्हर-ॲक्सेसरीज, पंक्चर-टायर किंवा काच बसवायचं दुकान आहे, त्याला हे जोडा. तिथे जागेचं भाडं आधीच निघत असतं, त्यामुळे 20 कामंसुद्धा फायद्याची ठरतात.

कामं येतात कुठून? नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला बाहेरच्या राज्यांतून गाड्या येतात, लातूरला मुलांच्या क्लाससाठी पालक येतात. हे लोक एकदाच भेटतात. रोजचं काम ट्रॅव्हल्सवाले, जुन्या गाड्यांचे व्यापारी आणि ड्रायव्हिंग स्कूल देतात. टॅक्सी-ट्रॅव्हल्सच्या गाड्यांना फिटनेस तपासणीत काचही बघतात, म्हणून त्यांना काच चांगली ठेवावीच लागते. आणि टवका सगळ्यात आधी दिसतो वॉशिंगच्या पोराला. त्याला शंभर रुपये द्या, पण एक अट घाला: "जो भरता येत नाही तो भरतो म्हणून पाठवायचा नाही."

जो टवका तुम्ही सोडता, त्याचं काय? काच बसवणाऱ्या चांगल्या दुकानाशी बोलून ठेवा. तुम्ही त्याला नव्या काचेचं गिऱ्हाईक पाठवा, तो तुम्हाला टवके पाठवेल. अशा रीतीने तुमचा नकारही धंदा आणतो. आणि नांदेड-लातूरसारख्या शहरात लोक एकमेकांना ओळखतात. "त्याने माझे पैसे घेतले नाहीत, काचच बदला म्हणाला," हे वाक्य चहाच्या टपरीवर एकदा बोललं गेलं की त्याची बरोबरी कुठलाही फ्लेक्स करू शकत नाही.

कागदपत्रं थोडक्यात: उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. फक्त सेवेचं काम असेल तर 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत मिळतं. या कामाच्या सुरुवातीला त्याच्या वर जाण्याची गरज नाही.

गृहपाठ

1. गावातल्या पार्किंगमध्ये मालकाला विचारून 30 गाड्यांच्या काचा बघा. किती टवके, कोणत्या प्रकारचे, सहा प्रश्नांत किती पास होतात, ते लिहा.

2. भंगारवाल्याकडून किंवा काच बसवणाऱ्याकडून काढलेली जुनी लॅमिनेटेड काच आणा. खिळ्याने ठोकून टवके पाडा आणि किमान 25 भरा. गिऱ्हाइकाच्या गाडीला हात त्यानंतरच.

3. तुमच्या भावाने आणि भाड्याने वरचा हिशेब परत मांडा. रोज किती कामं लागतात तो आकडा एका ओळीत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तराशी ताडून बघा. 30 गाड्यांत भरण्याजोगे टवके एक-दोनच निघाले तर किटची घाई करू नका, आधी ट्रॅव्हल्सवाल्यांना भेटून या. सात-आठ निघाले तर मात्र सावलीची जागा शोधायला लागा.

पुढच्या भागात बघू: हेडलाइट पिवळे पडलेत, ते पॉलिश करायचं काम याच दुकानात कसं जोडायचं. तोवर हिशेब मांडा, भेटूच.